गाव आधी, माणूस नंतर

त्या मेलमध्ये शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. वर नमस्कार होता, माझ्या नावापुढे मॅडम होतं, खाली आधीच्या तीन मेलांचा मजकूर जसाच्या तसा होता. बिलाचा नंबर, तारीख, रक्कम, सगळं आमच्या वहीशी जुळत होतं. 2022ची वसुबारस, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याला दिवाळीची सुट्टी. अकाउंट्सच्या टेबलावर बोनसची पाकिटं आणि मिठाईचे बॉक्स, आणि सुट्टीआधी पैसे सोडा म्हणून सकाळपासून पुरवठादारांचे फोन. त्यातच राजकोटहून आलेला हा मेल: आमच्या चालू खात्याचं ऑडिट सुरू आहे, म्हणून या वेळचं पेमेंट सोबत दिलेल्या नव्या खात्यात करावं, दिवाळीआधी मिळालं तर उपकार होतील, आपल्याला आणि घरच्यांना दीपावलीच्या शुभेच्छा.

रक्कम होती 8 लाख 60 हजार.

बँकेचं काम आमच्याकडे दोघींत वाटलेलं. एकीने भरायचं, दुसरीने तपासून मंजूर करायचं. बँकेच्या भाषेत मेकर आणि चेकर. मेकर होती दीड वर्षापूर्वी बी.कॉम. होऊन आलेली चोवीस वर्षांची मुलगी. चेकर मी, एकोणीस वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली. तिने नवं खातं पोर्टलवर चढवलं, पेमेंट तयार केलं, आणि मी मिठाईचे बॉक्स मोजता मोजता माझ्या फोनवर आलेला ओटीपी टाकला.

राजकोटची पेढी दिवाळीला बंद झाली की लाभपंचमीनंतरच उघडते. गुजराती व्यापाऱ्यांचा हा रिवाज आम्हाला माहीत होता. मेल लिहिणाऱ्यालाही माहीत होता. लाभपंचमीनंतरच्या सोमवारी तिथल्या भाईंचा फोन आला. "बेन, पेमेंट आव्युं नथी." मी म्हटलं, भाई, दिवाळीआधीच तर केलं, नव्या खात्यात. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, कुठलं नवं खातं?

त्या क्षणी पोटात जे झालं ते मला अजून सांगता येत नाही.

आम्ही 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, पोर्टलवर तक्रार टाकली, पोलिस ठाण्यात जाऊन बसलो. पैसे जमा झाल्यापासून तासाभरात आठ-दहा वेगवेगळ्या खात्यांत फुटून गेले होते. त्यातली बरीच खाती भाड्याची: गरजू माणसाला चार-पाच हजार देऊन त्याच्या नावावर उघडलेली. कुठल्याशा एका खात्यात 31 हजार अडकलेले सापडले, तेवढे गोठवता आले. पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर बँकांना ती साखळी मध्येच तोडता आली असती. आम्ही दहा दिवसांनी गेलो होतो. तेव्हा बँक पैसे जमा करताना फक्त खात्याचा नंबर बघायची, आपण लिहिलेलं नाव त्या खात्याच्या नावाशी जुळतं का हे पाहायची नाही. एनईएफटी आणि आरटीजीएसला पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं खरं नाव दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने 2025च्या एप्रिलपासून सगळ्या बँकांना सक्तीची केली. माझ्यासारख्या चेकरसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. ते नाव समोर आलं की आता मी हातातलं सगळं खाली ठेवते आणि अक्षर अक्षर वाचते.

चूक होती पत्त्यात. राजकोटच्या पेढीच्या नावात इंग्रजी एम आहे. आलेल्या मेलच्या पत्त्यात त्या एमच्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी होते. बारीक टायपात ही दोन अक्षरं चिकटतात आणि डोळा एम वाचतो. आपल्याकडे जुन्या छपाईत ख असाच फसवायचा. र आणि व जवळ आले की तो ख आहे की रव हे संदर्भावरून ठरवावं लागायचं, आणि तो घोळ टाळायलाच ख चे दोन्ही भाग खालून जोडून लिहायची पद्धत आली. इंग्रजी एमसाठी तशी सोय कोणी केलेली नाही.

पण हे नंतर कळलं. कळलं तेव्हा पहिली आठवण झाली ती अण्णांची.

अण्णा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. रात्रीच्या गाडीला टपालाचा डबा जोडलेला असायचा. त्यात भिंतीला लाकडी खण, वर पिवळा दिवा, आणि गाडी हलत असताना उभ्याने पत्रं खणांत लावत जायची. पुढचं स्टेशन यायच्या आत त्या गावची थैली बांधून तयार हवी. मी सातवी-आठवीत असताना एकदा विचारलं होतं, एवढ्या भराभर पत्ता वाचता कसा? ते म्हणाले, आम्ही वरून वाचतच नाही. श्री. अमुक तमुक, ह्यांना सप्रेम, हे लिहिणाऱ्यासाठी असतं. आम्ही तळाची ओळ बघतो. गाव आधी, माणूस नंतर.

अण्णा नोकरीला लागले तेव्हा पिनकोड नव्हता. तो आला 15 ऑगस्ट 1972ला, आणि त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. अण्णांना या गोष्टीचा केवढा अभिमान होता. वडगाव किती, पिंपळगाव किती, एकाच जिल्ह्यात चार चार. त्या सगळ्यांना एका मराठी माणसाने सहा आकड्यांनी वेगळं केलं, असं ते सांगायचे. नावावर विश्वास ठेवू नये, नावं सारखी असतात, आकडा बघावा.

इंटरनेटचा पत्ताही असाच तळापासून वाचायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. अण्णांनी शिकवलं होतं, पण मी ते तिथे लावलं नव्हतं. इथे तळ म्हणजे उजवं टोक. वेबसाइटच्या पत्त्यात सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ जिथे येते तिथे बोट ठेवायचं आणि डावीकडे सरकायचं. मेलच्या पत्त्यात तर थेट शेवटापासून मागे यायचं. शेवटचं डॉट कॉम किंवा डॉट इन हा जिल्हा. त्याला लागून डावीकडे जो शब्द आहे ते गाव, आणि डॉट को डॉट इन असेल तर आणखी एक घर मागे. त्याच्याही डावीकडे जे काही लिहिलंय ती दारावरची पाटी, आणि दार ज्याचं आहे तो पाटीवर हवं ते रंगवू शकतो. समजा पत्ता असा आहे: आधी तुमच्या बँकेचं नाव, मग डॉट, मग केवायसी-अपडेट, मग डॉट कॉम. घाईतला डोळा बँकेचं नाव वाचतो आणि समाधानाने पुढे जातो. पण हे पत्र बँकेच्या गावचं नाही. केवायसी-अपडेट नावाच्या गावात कोणीतरी बँकेची पाटी लावून बसलंय. 2025मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत डॉट बँक डॉट इन या पत्त्यावर यायला सांगितलं, ते यासाठीच. त्या गावात बँकांखेरीज कोणाला घर मिळत नाही. बँकेच्या वेबसाइटचा पत्ता तसा संपत नसेल तर आता तिथे थांबायचं.

फोनवर मेल वाचणं मी कामापुरतं बंद केलं, तेही यामुळेच. फोनच्या पडद्यावर पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, पत्ता दिसत नाही. नावावर बोट दाबलं तर उघडतो, पण दाबतो कोण? आणि ते नाव म्हणजे पाकिटाच्या मागे लिहिलेला प्रेषक. तिथे मी सांगलीच्या पेटीत पत्र टाकताना मुक्काम दिल्ली लिहिलं तरी टपालखातं अडवत नाही. टपालखात्याची साक्ष फक्त तिकिटावर पडलेल्या शिक्क्यात. अण्णा संशयाचं पत्र आलं की आधी शिक्का बघायचे. 1982मध्ये ई-मेल पोचवण्याचे जे नियम ठरले तेही असेच सरळ मनाचे होते: पाठवणारा जे नाव सांगेल ते खरं. तेव्हा त्या जाळ्यावर माणसं थोडी होती, बहुतेक विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली. पुढे शिक्के आले. एसपीएफ सांगतो की या गावचं टपाल कुठल्या कचेरीतून सुटायला हवं. डीकेआयएम मजकुरावर अशी मोहोर उठवतो की वाटेत शब्द बदलला तर ती फुटते. डीमार्क सांगतो की शिक्का आणि वर लिहिलेलं गाव जुळलं नाही तर त्या पत्राचं काय करायचं. मराठेशाहीतल्या पत्रात शेवटची ओळ संपली की लगेच मर्यादेची मुद्रा उमटवत, मर्यादेयं विराजते. पत्र इथे संपलं, याच्यापुढे कोणी काही घुसडू नये. कागदावर शब्द वाढवणारे हात तेव्हाही होते.

मात्र आमच्या त्या मेलचे सगळे शिक्के खरे होते. कंपनीच्या आयटीच्या मुलाने नंतर मला ते उघडून दाखवले. चोराने आर आणि एनचं ते गाव रीतसर विकत घेतलं होतं, तिथे रीतसर शिक्के बनवले होते, आणि त्या शिक्क्यांनी पत्र पाठवलं होतं. यंत्राने विचारलं, हे पत्र या गावचंच आहे का? हो, होतं. आपल्याला हव्या त्या गावचं ते नाही, हे यंत्राला कसं कळावं? ते आमच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

आणि आमच्या बिलांचा तपशील त्याच्याकडे आला कसा? राजकोटच्या पेढीतल्या कोणाला तरी आधी एक मेल आला होता: तुमचा मेलबॉक्स भरलाय, इथे लॉगिन करा. त्याने केलं. तेवढ्याने चोर आत आला आणि कित्येक आठवडे गप्प बसून वाचत राहिला. कोण कोणाला काय विकतं, कोण मॅडम म्हणतं, कोण मॅडमजी. त्याने मेलबॉक्समध्ये एक नियमही लावून ठेवला होता: पेमेंट हा शब्द असलेला मेल आला की तो इनबॉक्समध्ये न येता आत कुठल्याशा कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जावा. म्हणजे आम्ही पेढीच्या खऱ्या पत्त्यावर विचारणा केली असती तरी भाईंना ती दिसली नसती. ज्याने कोणी आपला पासवर्ड अशा खोट्या पानावर भरला असेल त्याने नुसता पासवर्ड बदलून थांबू नये. आधी सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडावं, दोन पायऱ्यांचं लॉगिन लावावं, आणि मेलबॉक्सच्या सेटिंगमध्ये आपण न लावलेला एखादा नियम, एखादं फॉरवर्डिंग बसलंय का ते बघावं. पासवर्ड जपणारं सॉफ्टवेअर वापरणंही मला आता पटलंय. ते अक्षरं डोळ्यांनी वाचत नाही, पत्ता तंतोतंत जुळवतं. एमच्या जागी आर-एन असेल तर ते पासवर्ड भरतच नाही. आणि रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज का भरला जात नाही, एवढा प्रश्न पडला तरी पुरतं.

इथवर सगळं तांत्रिक झालं. ते शिकायला हवंच, मी शिकले, इतरांना शिकवते. पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे.

तिला शंका आली होती.

पोलिस ठाण्याच्या बाकावर आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. जबाब लिहून घेणारे हवालदार जेवायला गेले होते. ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्हाला विचारावं. भाई कधी ऑडिट वगैरे बोलत नाहीत. मग मी नाही विचारलं." मी म्हटलं, अगं, का नाही विचारलंस? ती काही बोलली नाही. मला उत्तर आठवायला वेळ लागला नाही. 11 ऑक्टोबरला, जीएसटीआर-वन हे विक्रीचं विवरणपत्र भरायच्या शेवटच्या दिवशी, ती तिसऱ्यांदा काहीतरी विचारायला आली तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "प्रत्येक गोष्ट विचारायला येऊ नकोस गं. थोडं आपलं आपण ठरवायला शीक." मी ओरडले नव्हते. आवाजही वाढवला नव्हता. पण तिने ते ऐकलं आणि ठरवलं.

चोराला त्या खऱ्या शिक्क्यांची, आर-एनच्या खेळाची जितकी मदत झाली त्याहून जास्त मदत या एका वाक्याची झाली, असं मी मानते.

कागदी फसवणूक म्हटलं की आपल्याला पहिला आठवतो तो ध चा मा. 1773, शनिवारवाडा, धरावेचं मारावे झालं, ही आख्यायिका शाळेत सगळ्यांनी ऐकलेली. मला मात्र अलीकडे त्याच्या ब्याण्णव वर्षं आधीची गोष्ट जास्त आठवते. जानेवारी 1681. औरंगजेबाचा मुलगा शहाजादा अकबर बापाविरुद्ध उठला होता आणि दुर्गादास राठोड आणि त्यांचे राजपूत त्याच्या बाजूने अजमेरजवळ तळ देऊन होते. औरंगजेबाने मुलाच्या नावाने एक पत्र लिहिलं: शाबास, राजपुतांना बरोबर कोंडीत आणलंस, आता उद्या दोन्ही बाजूंनी त्यांना चिरडू. आणि ते पत्र राजपुतांच्याच हाती पडेल अशी व्यवस्था केली.

लोक इथे म्हणतात, राजपूत फसले. पण दुर्गादासांनी काय केलं ते बघा. ते पत्र घेऊन रातोरात थेट अकबराच्या तंबूपाशी गेले. विचारायला. अगदी हेच तर करायला हवं होतं. तंबूवरच्या लोकांनी सांगितलं, शहाजादे झोपलेत, उठवायची परवानगी नाही. मग त्यांनी अकबराचा मुख्य सरदार तहव्वुर खान याला बोलावणं पाठवलं, तर तो आधीच बादशहाच्या छावणीकडे निघून गेलेला. संशय पक्का झाला. पहाटेच्या आत राजपूत निघून गेले, आणि अकबर जागा झाला तेव्हा त्याच्याभोवती जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. डाव पुढे लक्षात आल्यावर याच दुर्गादासांनी त्याला सांभाळत दक्षिणेत आणलं, संभाजी महाराजांच्या आश्रयाला, पाली-सुधागडच्या मुलखात. बंडाचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. एवढी मोठी उलथापालथ, आणि मधे काय तर झोपलेल्या माणसाला उठवायची कोणाला मुभा नव्हती.

साहेबांच्या नावाने जे खोटे मेल येतात त्यांत हेच वाक्य वेगळ्या शब्दांत असतं. मी मीटिंगमध्ये आहे, फोन घेऊ शकत नाही, तेवढं काम लगेच कर, कोणाला बोलू नकोस. शहाजादे झोपलेत. ज्या मेलमध्ये विचारायची वाटच बंद केलेली असते, तो मेल कितीही शुद्ध असो, मी आता आधी उठून विचारायला जाते.

2022च्याच सप्टेंबरमध्ये, म्हणजे आमच्या आधी जेमतेम दीड महिना, पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटच्या बाबतीत असं घडलं होतं. अदर पूनावाला यांच्या नावाने कंपनीच्या एका संचालकाला व्हॉट्सअॅपवर संदेश आले, अमुक खात्यांत पैसे भरा, आणि एक कोटी एक लाखाहून जास्त रक्कम गेली. ती बातमी आम्ही डबा खाताना वाचली होती. एवढे मोठे लोक कसे फसतात, असं आमच्यातलं कोणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

मोठे फसतात ते नेहमीच्या वाटेवर चालताना. लिथुआनियातल्या एका माणसाने 2013 ते 2015 या काळात गूगल आणि फेसबुकला मिळून 12 कोटी डॉलरच्या आसपास फसवलं. कसलं हॅकिंग करून? या दोन्ही कंपन्या तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटरकडून माल घ्यायच्या. त्याने लाटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली आणि बिलं पाठवली. पलीकडच्या अकाउंट्सवाल्यांनी ती भरली. 2019मध्ये त्याला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा झाली. मी ती बातमी वाचताना त्या अकाउंट्सवाल्यांचा विचार करत होते. त्यांच्यातलाही कोणीतरी मेकर असेल, कोणीतरी चेकर.

आणि सुट्टीचं म्हणाल तर बांगलादेशची मध्यवर्ती बँक. 4 फेब्रुवारी 2016, गुरुवारची रात्र. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, मग न्यूयॉर्कला रविवार, मग सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. चोरांनी तीन देशांची पंचांगं एकावर एक ठेवून ते चार दिवस निवडले होते. जवळजवळ 95 कोटी डॉलरचे हुकूम सुटले, त्यातले 8 कोटी 10 लाख फिलिपिन्समध्ये पोचले. याची सुरुवात झाली होती वर्षभर आधी, बँकेतल्या लोकांना आलेल्या साध्या मेलने: मला आपल्याकडे नोकरी हवी आहे, सोबत बायोडेटा. श्रीलंकेला जाणारे 2 कोटी डॉलर थांबले ते मात्र एका अक्षराने. फाउंडेशनऐवजी फॅन्डेशन लिहिलं गेलं होतं, आणि वाटेतल्या बँकेतल्या कोणीतरी विचारलं, हे काय आहे?

त्या विचारणाऱ्याबद्दल मला फार आदर वाटतो. हजारो व्यवहारांमधून एक कागद बाजूला काढून, साहेबांचं काम अडवायचा दोष पत्करून, हे काय आहे म्हणणं. आता तसं चुकीचं अक्षर मिळेलच याची खात्री राहिलेली नाही. यंत्राकडून लिहून घेतलेले मेल बिनचूक येतात, मराठीतही येतात, आदरार्थी बहुवचनासकट. चुकीच्या इंग्रजीवरून ओळखा, असं जे अजून शिकवतात त्यांनी ते बंद करावं. त्याने माणूस बिनचूक मेलवर जास्तच विश्वास ठेवतो.

आणखी एक गोष्ट मला मनापासून खटकते. कंपन्या कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायला स्वतःच खोटे मेल पाठवतात आणि क्लिक करणाऱ्यांची यादी लावतात. 2020च्या डिसेंबरमध्ये, कोविडच्या त्या वर्षात, अमेरिकेतल्या गोडॅडी कंपनीने आपल्या लोकांना 650 डॉलरचा सणाचा बोनस जाहीर केल्याचा मेल पाठवला. ज्यांनी विश्वास ठेवून माहिती भरली त्यांना कळवलं की तुम्ही परीक्षेत नापास झालात. नंतर कंपनीने माफी मागितली. सराव हवा, मी सरावाच्या विरुद्ध नाही. पण ज्याला एकदा असं सगळ्यांसमोर उघडं पाडलं, तो पुढच्या वेळी खरंच चुकीचं क्लिक झालं तर येऊन सांगेल का? लपवेल. आणि पहिल्या दोन तासांत सांगितलं तर वाचू शकणारे पैसे त्या लपवण्यात जातात.

आमची ती मेकर मुलगी त्या दिवाळीनंतरच्या जानेवारीत नोकरी सोडून गेली. कोणी काढलं नाही. साहेबांनी पगारातून एक रुपया कापला नाही, उलट तिला दोनदा बोलावून समजावलं. पण तिची झोप गेली होती. साधं विजेचं बिल भरतानाही ती पाच पाच वेळा नंबर ताडून बघायची, आणि तरीही बटण दाबताना तिचा हात थरथरायचा. निरोपाच्या दिवशी मी तिला त्या वाक्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, तसं काही नाही मॅडम, आणि माझ्या पाया पडली. मला तिने रागवायला हवं होतं.

आता आमच्याकडे अकाउंट्सच्या भिंतीवर एक कागद आहे. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केलीये: पैशांच्या बाबतीत मला फोन करून विचारणाऱ्यावर मी रागावणार नाही. मीटिंगमध्ये असलो तरी. ते शेवटचं वाक्य मी आग्रहाने लिहून घेतलं. खात्याचा नंबर बदलल्याचा मेल आला की पेमेंट थांबतं, सण असो की मार्चअखेर. मग फोन. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, आमच्या जुन्या डायरीतल्या नंबरवर, आणि ओळखीच्या आवाजाशी.

गेल्या वर्षी अण्णांच्या खोलीतून त्यांची एक वही मिळाली. सारख्या नावांच्या गावांची यादी, पेन्सिलीने, प्रत्येकापुढे पिनकोड. पानाच्या समासात बारीक बरोबरच्या खुणा. मी ती ऑफिसला नेली आणि मागच्या कोऱ्या पानांवर आमच्या पुरवठादारांची नावं लिहून काढली, प्रत्येकापुढे फोन नंबर आणि खात्याचे शेवटचे चार आकडे.

दर दिवाळीला, बोनसची पाकिटं व्हायच्या आधी, मी ती वही घेऊन बसते आणि एकेकाला फोन लावते. नवीन आलेला मुलगा शेजारी खुर्ची ओढून बसतो, त्याचे प्रश्न चालू असतात. राजकोटला फोन लागतो. भाईंचं आता वय झालंय, दुकान मुलगा बघतो, पण माझा फोन ते स्वतः घेतात.

"बोलो बेन. खातुं ए ज छे. लखो."

ते सावकाश चार आकडे सांगतात. मी पेन्सिलीने खूण करते.